बहात्तर सालच्या वाटेवर: आईसोबत माणदेशात

माझी आई १९६१ ची. बहात्तरच्या दुष्काळात ती अकरा वर्षांची होती. आमच्या पिंपरीतल्या घरात तो दुष्काळ एकेका वाक्याने यायचा आणि जायचा. धान्य निवडता निवडता ती म्हणायची, "मिलोच्या भाकरीला हात वेगळा लागतो." मिलो म्हणजे तेव्हा रेशनवर मिळणारी तांबडी ज्वारी. रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग दिसला की म्हणायची, "ही बारीक आहे. आमची याहून मोठी चालायची." पुढचं विचारावं तर कुकरची शिट्टी व्हायची, नाहीतर कुणीतरी यायचं. यंदा मार्चमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं आणि तिने स्वतःहूनच सांगितलं, "त्याआधी मला एकदा तळ्यापर्यंत चालत जाऊन यायचंय." संक्रांत झाली आणि आम्ही दोघी निघालो.

तळं म्हणजे तिच्या माहेरच्या वाडीजवळचा पाझर तलाव. वाडी सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणला पाचशेसुद्धा धड पडत नाही. १९७० पासूनच पावसाने हात आखडता घेतला होता. ७२ साली खरीप गेलं, मागोमाग रब्बीही गेली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं सरकारने काढलेल्या दुष्काळी कामांवर होती. हा आकडा मी कॉलेजात असताना वाचला होता. त्या ५० लाखांत माझी आजी होती. आई मात्र त्यात नव्हती, आणि का नव्हती ते पुढे येईल.

पहिला दिवस: फलटण, मोगराळे घाट, गोंदवले

सासवड, जेजुरी, लोणंद करत फलटणला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. लोणंदपासून पुढे दोन्ही बाजूंना ऊस. हा सगळा नीरा उजव्या कालव्याचा मुलूख. फलटण सोडलं की थोड्या वेळात मोगराळे घाट लागतो. घाट फार मोठा नाही, पण वर आलं की ऊस संपतो. बोडके डोंगर, खुरटी बाभळ, मधे मधे ज्वारीची रानं आणि वारा. जानेवारीतली सकाळ असूनही उन्हाला धार होती.

घाटाच्या माथ्यावर आईने गाडी थांबवायला सांगितली. "इथनं अण्णा बैलं घेऊन खाली गेले होते." अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांची खिल्लारी जोडी होती. चारा संपला तेव्हा फलटणकडे उसाचं वाढं मिळतं असं कळलं, म्हणून ते बैल हाकत या घाटाने उतरले. पंधरा-वीस दिवसांनी परत आले ते एकटेच. बैल कुठे विकले, कितीला विकले, हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही आणि आजीने विचारलं नाही. त्यानंतर अण्णा मुंबईला मस्जिद बंदरला हमालीला गेले ते म्हातारपणीच परत आले. माणदेशातली घरंच्या घरं अशी मुंबईच्या बाजारपेठांत गेली. जे उरले ते कामावर.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घाट चढेपर्यंत आई माझ्याशी पुण्यातलं बोलत होती. वर आल्यावर "व्हतं", "न्हाय", "तवा" सुरू झालं आणि परत घाट उतरेपर्यंत तसंच राहिलं.

दहिवडीत चहा घेतला आणि दुपारच्या प्रसादाच्या वेळेला गोंदवल्यात पोचलो. गोंदवलेकर महाराजांच्या समाधीमुळे हे गाव महाराष्ट्रभर माहीत आहे. १८९६ च्या दुष्काळात महाराजांनी आपल्या शेतात लोकांना काम देऊन जेवू घातलं होतं. आईच्या गावाकडे ही गोष्ट म्हातारी माणसं अजून सांगतात. नुसतं जेवण दिलं असतं तरी लोक जेवले असते, पण काम दिलं म्हणून ताठ मानेने जेवले, असं आजी म्हणायची.

पंगतीत आमच्या शेजारी एक नऊवारीतल्या आजी बसल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या. भातावर आमटी पडेपर्यंत त्यांनी आईला गाव विचारलं, माहेर विचारलं, कुळी विचारली. मग एकदम म्हणाल्या, "मग तुमी कुठल्या कामावर व्हता?" साल सांगायची गरज पडली नाही. आई म्हणाली, "खडीवर. मग तळ्यावर." त्या म्हणाल्या, "आमी नालाबंडिंगवर." म्हणजे ओढ्यानाल्यांना बांध घालायच्या कामावर. पुढची वीस मिनिटं त्या दोघींनी मला विसरूनच टाकलं. सुकडी, म्हणजे कामावर खायला मिळणारा गोडसर भुगा, कोणत्या कामावर कधी आली, मुकादम कसा होता, मिलोत खडे किती निघायचे. आजी म्हणाल्या, "तवा हिरीत पाणी व्हतं बया, पर दाणा न्हवता. आता दुकानात दाणा हाय, हिरीत पाणी न्हाय." हे वाक्य मी माणदेशात नंतरही बऱ्याच तोंडून ऐकलं, आणि ते खरं आहे. बहात्तरला विंधनविहिरींनी जमिनीचं पोट अजून पोखरलेलं नव्हतं. पाणी खोल गेलं होतं, आटलं होतं, तरी पिण्यापुरतं बहुतेक ठिकाणी मिळत होतं. धान्यच नव्हतं.

उठताना त्या आजींनी आईचे दोन्ही हात हातात घेऊन पालथे करून पाहिले. आईच्या डाव्या अंगठ्याचं नख लहानपणापासून वाकडं आहे. आजींनी आपला अंगठा पुढे केला. त्यांचंही तसंच होतं. डाव्या हाताने दगड धरायचा आणि उजव्याने हातोडी मारायची. मी हे नख आयुष्यभर पाहिलंय, आणि ते कसं झालं हे मला तिथे कळलं.

गोंदवल्यात राहायचं असेल तर भक्तनिवासात सोय होते. मार्गशीर्षातल्या पुण्यतिथीच्या दिवसांत मात्र प्रचंड गर्दी असते, वयस्कर माणसं सोबत असतील तर ते दिवस टाळा. रात्री थंडी चांगलीच पडते. आम्ही स्वेटर आणि शाल दोन्ही नेले होते आणि दोन्ही लागले.

दुसरा दिवस: वाडी, खडीचा रस्ता आणि तळं

सकाळी मामाकडे पोचलो. मामा आईपेक्षा धाकटा, आई त्याला आबा म्हणते. मामीने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. "वन्सं, गुडघं दुखत्यात म्हनं, मग तळ्यावर कशाला? आबा दावतील की मोबाईलवर फोटू." आईने उत्तर दिलं नाही. चपला काढल्या, हातपाय धुतले आणि चुलीपाशी जाऊन बसली.

न्याहारीला हुलग्याचं माडगं होतं. हुलगे भाजून दळायचे, ते पीठ पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं, लसूण, जिरं, मीठ घालायचं आणि ढवळत राहायचं. गुळाचंही करतात. थंडीत वाटीभर प्यायलं की पोटात ऊब राहते. हुलगा कमी पावसात येतो, त्यामुळे माणदेशाने तो कधी सोडला नाही. आता शहरात हुलग्याला महाग दुकानांतून मान मिळालाय. आईला हुलगा आवडतो, पण माडगं तिने घरी एकदाही केलं नव्हतं. इथे तिने दोन वाट्या प्यायल्या.

मग मी मिलोची भाकरी विचारली. ही रेशनची तांबडी ज्वारी अमेरिकेतून आलेली. मामीच्या डब्यात तळाला जुनं ज्वारीचं पीठ होतं, विरी गेलेलं. आई म्हणाली, "ह्याच्यावर दावते." नेहमीच्या पाण्याने मळून तिने गोळा थापायला घेतला तर दुसऱ्या फेरीला कडेने चिरा पडल्या आणि उचलताना भाकरी मधोमध फाटली. "मिलो कायमच अशी." मग तिने पाणी खळखळून उकळलं, त्यात पीठ टाकून उकड काढली, गरम असतानाच मळली आणि हात न उचलता, तळव्याच्या टाचेने दाबत दाबत लहानशी जाड भाकरी केली. ती टिकली. भाजताना कडा काळ्या होईपर्यंत तिने ती तव्यावरून काढली नाही, कारण आत कच्ची राहिली की पोरांची पोटं दुखायची. अकराव्या वर्षी ही भाकरी तीच करायची. आजी सूर्य उगवायच्या आत कामावर निघून जायची, आई भाकरी करून, धाकट्या आबाला काखेत मारून मागोमाग जायची.

वाडीत सगळे सांगतात की गाजरगवत या मिलोतूनच आलं. ते पुण्यात १९५० च्या दशकातच दिसलं होतं, त्यामुळे बहात्तरच्या मिलोला ते पूर्ण चिकटवता येत नाही. पण ज्या धान्याने जगवलं त्याच्याबद्दल लोकांच्या मनात इतका राग का राहिला असेल, ते ती फाटलेली भाकरी पाहिल्यावर मला समजलं.

अकरा वाजता निघालो. वाडीतून मोठ्या रस्त्याला मिळणारा दोनेक किलोमीटरचा रस्ता आता डांबरी आहे. खालची खडी बहात्तरची. मामा गाडी काढत होता, पण आईने चालायचंच म्हटलं. ती काठी टेकत पुढे, मी पाण्याची बाटली घेऊन मागे. एका लिंबाच्या झाडापाशी ती थांबली. "हितं आमचा ढीग."

रस्त्याच्या कडेला फोडायचे दगड टाकलेले असत. बाया ओळीने बसत. दगड घसरू नये म्हणून चिंध्या गुंडाळलेलं कडं करून त्यात तो धरायचा. दिवसभरात फोडलेली खडी लाकडी पेटीने मोजली जाई आणि त्यावर मजुरी. आजीला दिवसाला दोन-अडीच रुपये पडायचे असं आईला आठवतं, तेही हात चालला तर. कपची उडून डोळ्यात जायची. एका बाईचा डोळा तसा गेला. उन्हाळ्यात दगड इतके तापायचे की आई पदराच्या चिंधीने ते धरायची.

"तुझं नाव होतं का हजेरीवर?" मी विचारलं.

"न्हाय. ल्हान पोरांना घेत न्हवते. साहेब यायची वर्दी आली की आमी सगळी पोरं त्या वगळीत जाऊन बसायचो. साहेब गेला की परत ढिगावर."

म्हणून ती त्या ५० लाखांत नाही. हजेरीपटावर आजीचा अंगठा आहे, आजीच्या नावावरची खडी आहे, पण त्या खडीतली निम्मी आईने फोडली आहे. शाळेत ती पाचवीला होती. दिवाळीनंतर गेली नाही. मास्तर दोनदा घरी येऊन गेले. आजी त्यांना म्हणाली, "पोरगी शाळंत गेली तर पेटी भरत न्हाय." यावर मास्तरांकडे उत्तर नव्हतं, आणि आजही कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. आईला शाळेबद्दल हळहळ आहे, पण कामाबद्दल राग नाही. तिचं म्हणणं स्वच्छ आहे: "काम निघालं न्हवतं तवर लोकं गाव सोडून चालली व्हती. काम निघालं म्हनून ऱ्हायली."

ते काम असंच निघालेलं नव्हतं. तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात १९६५ मध्ये वि. स. पागे यांच्या कल्पनेतून मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला होता. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये राज्याने रोजगार हमी योजना सुरू केली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरात नोकरी करणाऱ्या माझ्यासारखीच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये जातात तो हाच कर. मी हिशेबाच्या खात्यात काम करते, दर महिन्याला शेकडो पगारपत्रकांवर ही ओळ माझ्या नजरेखालून जाते. ती आजीच्या पेटीशी जोडलेली आहे, हे आईला त्या लिंबाखाली सांगितलं. ती म्हणाली, "मग देत जावा बिनतक्रार."

पुढे डावीकडे वळून तळ्याचा बांध लागतो. चढ फार नाही, पण आईला तीनदा बसावं लागलं. वर पोचलो तर तळ्यात पाणी नव्हतं. मधोमध थोडी ओल, कडेला कुणीतरी कांदा लावलेला, बाकी भेगाळलेला गाळ. मला वाईट वाटलं. इतकं चालून आली आणि कोरडं तळं. आईच्या चेहऱ्यावर मात्र तसं काही नव्हतं. "हे पाझरतळं हाय. ह्यात पाणी ऱ्हात नसतं. खाली बघ."

बांधाच्या खालच्या अंगाला डाळिंबाची बाग, त्यापुढे हरभरा, कांदा, ज्वारी. ओळीने विहिरी. पाझर तलावाचं काम पाणी साठवून दाखवणं नसतंच. पावसाळ्यात आलेलं पाणी अडवायचं आणि जमिनीत मुरवायचं, की ते खालच्या विहिरींना लागतं. गाळ साचला की मुरणं मंदावतं, म्हणून तो काढत राहावा लागतो. मामा म्हणाला, दर दोन-तीन वर्षांनी लोक ट्रॅक्टर लावून गाळ काढतात आणि रानात टाकतात.

आईने बांध कसा रचला ते सांगितलं. आधी मधोमध लांब चर खणला. त्यात काळी माती भरायची, पाणी मारायचं, पुरुषांनी धुमसाने चोपायची. काळ्या मातीतून पाणी निघत नाही. दोन्ही बाजूंना मुरूम, आतल्या अंगाला दगडांचं अस्तर. काळी माती लांबून, ओढ्याकाठच्या रानातून पाटीने आणायची. आई तेव्हा मोठ्या पाटीला पुरत नव्हती, म्हणून आजीने तिच्यासाठी जुनी फुटकी पाटी शेणाने लिंपून लहान केली होती. "माझ्या पाट्या मधल्या चरात हायत. वरनं दिसत न्हाईत."

खालच्या रानातल्या बाईने आम्हाला बघून हाक मारली. तिची ज्वारी हुरड्यात आली होती. लगेच आगटी पेटली, कणसं भाजली, हातावर चोळून हिरवा हुरडा आमच्या ओंजळीत पडला, सोबत लसणाची चटणी आणि गूळ. बाई पस्तिशीची असेल. नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात, तमिळनाडूत. या भागातली आणि शेजारच्या आटपाडी-खानापूरकडची कितीतरी माणसं सोन्याचांदीची गलाई करायला देशभर पसरलेली आहेत. रान ती एकटी बघते. मामाने आईची ओळख करून दिली, "ह्यांनी हे तळं बांधलंय." बाई उठून पाया पडली. आई अवघडून म्हणाली, "म्या एकटीनं न्हवं गं." बाई म्हणाली, "तुमी कुनी का असंना, ह्या हिरीला मे म्हैन्यापातूर पानी पुरतं ते ह्याच्यामुळं."

तिकडे जाणाऱ्यांसाठी: हुरडा साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर मिळतो. उन्हात सावली शोधावी लागते, टोपी आणि भरपूर पाणी बरोबर ठेवा. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकण आणि घाटाकडे गेलेले असतात, त्यामुळे मेंढरांचे कळप पाहायचे असतील तर पावसाळ्यात या. आणि आपल्या आईवडिलांना असं काही विचारायचं असेल तर "तेव्हा कसं वाटायचं" असं विचारू नका, त्याचं उत्तर येत नाही. पाटी केवढी होती, पेटी किती वेळात भरायची, भाकरी कुणी केली, हे विचारा. मग बाकीचं आपोआप येतं.

त्याच दिवशी संध्याकाळी: मावशी

संध्याकाळी म्हसवडहून आक्का आली. आईची थोरली बहीण, माझी मावशी. चहाच्या वेळी मी सुकडीचा विषय काढला. कामावर मजुरांना आणि पोरांना सुकडी मिळायची, तांबूस पिवळा गोडसर भुगा. आई म्हणाली, "लई ग्वाड लागायची." मावशीने पटकन मान हलवली. "तुला लागत आसंल. मला वास यायचा. म्या माझी तुलाच देत हुते."

मग तिने जे सांगितलं ते आईने मला कधीच सांगितलेलं नव्हतं. १९७३ च्या वैशाखात मावशीचं लग्न झालं. ती चौदा वर्षांची होती. तेव्हाचा कायदासुद्धा मुलीचं वय पंधरा सांगत होता. लग्न दारातच लागलं, दहा-पंधरा माणसं, गुळाचं पाणी आणि कण्या. सासरी कालव्याचं पाणी होतं, घरात ज्वारी होती, एवढं बघून स्थळ पक्कं केलं. "खानारं एक तोंड कमी झालं," मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आयला म्या लई दिस बोलले न्हाय. सनाला यायचे, पानी भरायचे, पर बोलायचे न्हाय."

आई खाली बघत होती. मग म्हणाली, "आक्का गेली आन दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात आर्धी भाकर जास्त आली." ती भाकरी तिने खाल्ली होती. हे तिने बहिणीसमोर बहुधा पहिल्यांदाच सांगितलं. मावशीने हातातली बशी खाली ठेवली, तिच्याजवळ सरकली आणि म्हणाली, "खायाचीच की. मंग काय टाकायची?"

दुष्काळाच्या कागदांत भूकबळी किती, कामं किती, मजूर किती, हे असतं. त्या वैशाखात घाईने किती मुली उजवल्या गेल्या, ते कुठल्या रकान्यात मोजलं असेल? महाराष्ट्राने तो दुष्काळ निभावला, माणसं जगवली, याचा मला अभिमान आहे आणि तो राहील. पण मावशीसारख्यांनी त्याची किंमत भरली, हे त्या अभिमानाला लागूनच सांगायला हवं.

मामीने रात्री बाजरीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि वाटलेल्या शेंगदाण्याची आमटी केली. जेवणं उशिरापर्यंत चालली. गारठा वाढला तशी दोघी बहिणी एकाच वाकळेत पाय घालून बसल्या आणि मामाच्या लहानपणच्या खोड्यांवर हसत राहिल्या.

तिसरा दिवस: राजेवाडी, म्हसवड आणि परत

मावशी म्हणाली, "आमचं तळं बघितलंत, आता इंग्रजांचं बघा." म्हसवडपासून जवळच राजेवाडीचा तलाव आहे. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून हा बांधायला घेतला. पाण्याखाली गेलेली जमीन बरीचशी माणची, भिंत सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात. याला मात्र पाणी होतं, लांबवर चकाकणारं. वारा इतका की मावशीचा पदर आवरेना. काठाला मासेमारीच्या होड्या होत्या आणि पाण्यावर बदकांचे थवे.

त्या दुष्काळात सरकारने कामावरची मजुरी इतकी कमी केली की १८७७ मध्ये दख्खनच्या दुष्काळी कामांवरच्या हजारो मजुरांनी काम थांबवलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. भिंतीवर उभं राहून मी हे दोघींना सांगितलं. मावशीने विचारलं, "मग मजुरी वाढली का?" तेव्हाच्या सरकारने फारसं ऐकलं नाही, असं सांगितल्यावर ती भिंतीच्या दगडांकडे बघत म्हणाली, "म्हंजी ही बी तशाच पोटानं बांधलीय." काळा दगड, घट्ट सांधे. ज्यांनी तो वाहिला त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. आईने एका दगडावर हात ठेवला आणि हा एका माणसाने उचलायचा नव्हे, चौघांचा आहे, असं ठरवून सांगितलं.

तलावावर खाण्यापिण्याची सोय नाही, म्हसवडहून बरोबर न्यावं. भिंतीवर कठडा नाही अशा ठिकाणी वयस्कर माणसांचा हात धरा, वारा खरोखर ढकलतो.

म्हसवडला सिद्धनाथाचं दर्शन घेतलं. मार्गशीर्षात इथे रथाची मोठी यात्रा भरते, आम्ही गेलो तेव्हा देऊळ शांत होतं आणि गुरवाने निवांत अंगारा लावला. बाजारातून हुलगे, मटकी आणि एक घोंगडी घेतली. घोंगडी घेताना हात लावून खरखर पाहा. हाताने विणलेली असेल तर अंगाला आधी टोचतेच, फार मऊ लागली तर ती दुसरीकडची असते, असं मावशीचं मत.

मावशीला तिच्या घरी सोडून दुपारी निघालो. गोंदवले मागे गेलं आणि आईने पर्समधून किराण्याच्या यादीची वही काढली. "लिही," म्हणाली. मी गाडी चालवत होते, म्हणून मोबाईलवर रेकॉर्ड लावला. ती नावं सांगायला लागली. साहेब आला की वगळीत लपणाऱ्या पोरांची नावं. पाटलांच्या वाड्यामागच्या दोघी बहिणी, सुताराचा थोरला, चावडीशेजारच्या घरातली तोतरी पोरगी, मुंबईला गेलेला, साताऱ्याला दिलेली, त्याच उन्हाळ्यात हगवणीने गेलेला एक लहान मुलगा. प्रत्येक नावामागे घर, घरामागे बांध. मोगराळे घाट उतरलो, ऊस सुरू झाला, तरी नावं चालूच होती. एखादं आठवेना की ती आबाला फोन लावायची, आबा मामीला विचारायचा, मामी शेजारी विचारायला जायची.

लोणंदच्या अलीकडे मावशीचा फोन आला. मामाकडून तिला कळलं होतं. आईने स्पीकर लावला.

"माझं लिवलंस का?" मावशीने विचारलं. "लगीन व्हायच्या आदी म्या बी पाच-सहा म्हैने फोडलीय खडी. माझं माह्यारचं नाव लिव, सासरचं नगं. आन वर लिव, तुझ्या आदी."